आधी नाव जुळवा

पासपोर्टचा फॉर्म भरायला फार तर पाऊण तास लागतो. त्याआधी घरातले कागद एकमेकांशी जुळवायला कधी कधी सहा महिने जातात. लोक मला पाऊण तासाचे पैसे देतात, आणि सहा महिन्यांच्या शिव्याही मलाच देतात.

विट्यात तहसील कचेरीजवळच्या बोळात माझं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पॅन, स्कॉलरशिप हे रोजचं. पासपोर्टचं गिऱ्हाईक त्यात लगेच ओळखू येतं. दाखल्याला माणूस वैतागून येतो, पासपोर्टला ठेवणीतले कपडे घालून येतो. फोटो इथं काढत नाहीत, केंद्रात गेल्यावर तिथलीच माणसं काढतात, असं सांगितलं की बायकांचे चेहरे उतरतात. मग बरोबर आणलेली पिशवी उघडते. जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेला शाळा सोडल्याचा दाखला, चिकटपट्टी लावलेलं रेशनकार्ड, आधार, पॅन, मतदान कार्ड, क्वचित एलआयसीचा बाँड. मी सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडते आणि प्रत्येकावरच्या दोनच गोष्टी वाचते, नाव आणि जन्मतारीख. बाकीचं नंतर.

जन्मतारखेचा घोळ आमच्याकडे ठरलेला आहे. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसांच्या दाखल्यावर १ जूनच असते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोरगं कानाला हात पुरतो का बघून मास्तर नाव घालायचे आणि तारखेच्या जागी १ जून टाकायचे. आधार काढायच्या वेळी ज्यांनी नुसतं साल सांगितलं त्यांना १ जानेवारी मिळाली. म्हणजे एकाच माणसाला दोन वाढदिवस, आणि दोन्ही दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले.

एक मावशी आल्या होत्या. लेक बाळंतपणाला अमेरिकेत, तिला सोबत हवी म्हणून निघालेल्या. दाखल्यावर १ जून १९६७, आधारवर १ जानेवारी १९६५. मी विचारलं, खरी कुठली? "भूकंप झाला आन् आठ दिवसांनी मी झाले, असं आई सांगायची." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे मावशी खरं तर डिसेंबरातल्या. पण भूकंपाचा दाखला पासपोर्टला चालत नाही. शाळेचा चालतो. तेव्हा १ जून कायम करायची आणि आधार तसं दुरुस्त करून घ्यायचं, असं ठरलं. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते, त्यामुळे घाई करायची नाही, आधी कुठल्या तारखेला जन्मभर चिकटून राहायचं ते घरात बसून ठरवायचं, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

मावशींच्या जन्मसालाची एक गंमत मला नंतर सुचली. आपला पासपोर्टचा कायदाही १९६७ चाच, २४ जूनचा. त्याआधी पासपोर्ट देणं न देणं हा सरकारच्या मर्जीचा मामला होता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की परदेशी जाणं हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कायद्याशिवाय तो अडवता येणार नाही. मग सरकारला घाईनं आधी वटहुकूम आणि पाठोपाठ कायदा करावा लागला. पासपोर्ट कुणाला आणि कोणत्या कारणानं नाकारता येईल हे तेव्हा पहिल्यांदा लिहून ठेवलं गेलं. मावशींच्या हक्काचा कायदा त्यांच्याहून पाचसहा महिन्यांनीच मोठा. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग त्याची तारीख बरोबर लिवलीया नव्हं?"

तारखेपेक्षा नावाचं दुखणं अवघड. मी नाव विचारलं तेव्हा मावशींनी मलाच उलटं विचारलं, "कुठलं सांगू, आईबापानं ठेवल्यालं का ताटातलं?"

आमच्या पिढीपर्यंत, आणि अजूनही काही घरांत, लग्न झाल्यावर ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहितात. आडनाव बदलतंच, बापाच्या जागी नवरा येतो आणि वर स्वतःचं नावही जातं. मावशी शाळेच्या दाखल्यावर कमल आहेत आणि आधारवर सुनंदा. तिन्ही शब्दांतला एकही सारखा नाही. नवऱ्याला, दिराला, सगळ्या गावाला माहीत आहे की ही तीच बाई. कागदांना माहीत नाही. लग्न १९८४ चं, नोंदणी कुणी केलेली नाही, कारण तेव्हा नोंदणी म्हणजे कोर्टात पळून जाऊन केलेलं लग्न असंच लोकांना वाटायचं.

नुसतं आडनाव बदललं असतं तर इतकं जड गेलं नसतं. २०१६ च्या डिसेंबरात नियम बरेच सैल झाले आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याची सक्ती गेली. पण मूळ नावच पार बदललं असेल तर प्रतिज्ञापत्र, पेपरातल्या जाहिराती, गॅझेट हे सोपस्कार आले. मावशींचे मालक तोवर बाकड्यावर गप्प बसून होते. जाहिरातीचं ऐकल्यावर उठलेच. "चाळीस वर्षं संसार झाला. आता पेपरात छापायचं व्हय, ही बायको माझीच म्हणून?" त्यांना चहा पाजला. जाहिरात दिली. छापून आली त्या दिवशी मावशींच्या माहेराहून फोनावर फोन, कमलचं काही बिनसलंय का म्हणून. पेपरात बाईचं नाव आलं की काहीतरी वाईटच, अशी आपल्याकडे समजूत आहे.

मला या प्रकाराचा राग येतो, आणि तो पासपोर्ट खात्यावरचा नाही. खात्याला परदेशातल्या विमानतळावर उत्तर द्यायचं असतं, त्यांनी एका माणसाला एकच नाव मागणं रास्त आहे. राग येतो तो यासाठी की हा भुर्दंड जवळजवळ सगळा बायकांवर पडतो. पुरुष येतो तेव्हा फार तर "राव" नाहीतर "भाऊ" जास्तीचा असतो. आधारवर दत्तात्रय आणि पॅनवर दत्ताराव, एवढंच. ते एका हेलपाट्यात मिटतं. लेकीसुनांचं मिटत नाही. हल्ली लग्न ठरलेल्या मुली दुकानात आल्या की मी न विचारता सांगते, बाई गं, ताटात काय लिहायचं ते लिहू दे, कागदावर हात लावू देऊ नकोस.

नाव जुळलं तरी ते फॉर्मच्या रकान्यांत बसवायचं राहतं. फॉर्मला आडनाव वेगळं हवं आणि उरलेलं नाव वेगळं. आपलं मराठी नाव तीन पदरी. बहुतेक जण स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र पहिल्या रकान्यात घालतात. काही जण मधलं नाव गाळतात. दोन्ही चालतं, पण घरातल्या चौघांनी चार तऱ्हा केल्या की व्हिसाच्या वेळी डोकेदुखी होते. म्हणून मी सगळ्या घराचे कागद एकदम मागते.

आमच्या भागाला आणखी एक वेगळी अडचण आहे. खानापूर, आटपाडी, तासगावकडची हजारो माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, सोनं-चांदी गाळण्याच्या. दुष्काळानं इथून बाहेर काढलं आणि ती देशभर पसरली. कोइमतूर, मदुराई, त्रिशूर, पार ईशान्येपर्यंत. पोरं तिकडेच जन्मतात, तिकडेच शिकतात. त्यांचे शाळेचे दाखले माझ्यासमोर येतात तेव्हा मी आधी डोळे चोळते. आपली सविता तिकडच्या इंग्रजीत ‘टी’च्या मागे ‘एच’ घेऊन येते, गीताचंही तसंच. आणि तमिळनाडूच्या शाळेत आडनावाची चालच नाही. मुलाच्या नावापुढे बापाच्या नावाचं एक अक्षर. राहुल एस. आता हा एस म्हणजे सुरेश, आणि पाटील कुठे गेला ते इथल्या रेशनकार्डावर बघायचं. पासपोर्टला नुसतं आद्याक्षर चालत नाही, पूर्ण फोड हवी. मग सुरेशला आणि पाटलाला त्या एका अक्षरातून बाहेर काढायचं.

त्यात पत्ता. २०१८ पासून देशात कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो, ही मोठी सोय झाली. पण पोलीस जातात ते फॉर्मवर लिहिलेल्या राहत्या पत्त्यावर, आणि तयार पासपोर्ट स्पीड पोस्टानं येतो तोही तिथेच. गलाईवाल्याच्या भावना गावच्या घरात असतात. बंगला बांधलेला असतो, वर वडिलांचं नाव असतं. तो ठासून सांगतो, पत्ता गावचाच टाका. टाकला, की जत्रा झाल्यावर घराला कुलूप आणि माणूस कोइमतूरला. हवालदार येतो, कुलूप बघून जातो. त्यातूनही कसाबसा पासपोर्ट निघाला तर पोस्टमन येतो, कुलूप बघतो, आणि पाकीट आलं तसं माघारी पासपोर्ट ऑफिसला. म्हणून मी विचारते, वर्षातले जास्त दिवस कुठे जेवता? जिथे जेवता तो पत्ता. यावरून माझी बऱ्याच जणांशी भांडणं झाली आहेत. गावाकडचा पत्ता काढला म्हणजे गावाशी नातं तोडलं असं त्यांना वाटतं. कायमच्या पत्त्याला वेगळा रकाना आहे, तिथे गाव येतं, हे समजावलं की जरा निवळतात.

केंद्रातलं काम तुलनेनं सरळ झालं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पूर्वी आमच्याकडच्या माणसाला पासपोर्टसाठी पुणे गाठावं लागायचं, पुढे मुंढव्याचं केंद्र झालं. रात्रीची एसटी, सकाळी तोंड धुवायला स्वारगेट. २०१७ मध्ये म्हैसूर आणि दाहोदपासून पोस्टात पासपोर्ट केंद्रं सुरू झाली, आणि ते लोण जिल्ह्याजिल्ह्यांत आलं. १५०० रुपये फी आधीच ऑनलाइन भरलेली असते, साठ पानी हवा असेल तर २०००. वेळ ठरलेली. मोठ्या केंद्रात ए, बी, सी अशा तीन खिडक्या. ए खिडकीवर कंपनीची पोरंपोरी बसतात, टीसीएसची. ती कागद स्कॅन करतात, फोटो घेतात, दहाही बोटांचे ठसे घेतात. बी आणि सी वर सरकारी माणूस. बी कागद तपासतो, सी मंजुरी देतो. मध्यस्थाला आत जागाच नाही. माझ्यासारखीलाही नाही, आणि ते चांगलंच आहे. बाहेर सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट मात्र आहेत. तिथे दुप्पट पैसे भरून, पावतीचा प्रिंट घेऊन लोक माझ्याकडे येतात, "ताई, तारीख कधीची आहे बघा." तारीख नसते. पैसेही नसतात.

केंद्रात जायच्या आदल्या दिवशी मी एक तालीम घेते. स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवते आणि स्वतःचं इंग्रजी नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचायला लावते. सुवर्णामध्ये ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’. ज्योतीच्या शेवटी ‘आय’ की दोन ‘ई’. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना आधार हातात देऊन चित्रासारखं जुळवायला सांगते, आणि खरं तर तेच जास्त नीट जुळवतात. शिकलेला माणूस "हो हो, बरोबर आहे" म्हणून मोबाइलकडे बघतो. बोटांचं मात्र त्याच्याही आधी सांगून ठेवते. गलाईच्या भट्टीवर वर्षानुवर्षं ॲसिडशी खेळलेल्या माणसाच्या बोटांवर रेघ राहिलेली नसते. ठसा उमटत नाही, पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा, आणि मागची रांग चुळबुळायला लागते. आठवडाभर आधीपासून रात्री खोबरेल चोळा म्हणते. शास्त्र मला माहीत नाही, पण चोळून गेलेले बरेच जण पहिल्या फटक्यात पार पडतात.

दहावीचा विषय थोडक्यात सांगते. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा एमिग्रेशन तपासणी लागेल असा शेरा पडतो. तो असला की आखातातले देश, मलेशिया अशा अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते. फसवणूक होऊ नये म्हणून केलेली सोय आहे ती. पण पोरांना तो शेरा कपाळावर मारल्यासारखा वाटतो. २०१८ च्या जानेवारीत अशा लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचं सरकारनं जाहीर केलं होतं. देशभर ओरड झाली आणि महिना संपायच्या आत तो बेत मागे घेतला. बरं झालं. एकदा एक पोरगा सौदीला ड्रायव्हर म्हणून निघाला होता. दहावीला गणितात गेलेला. मी म्हटलं, ऑक्टोबरला बस की पुन्हा. "त्यापेक्षा सौदी सोपं आहे ताई," म्हणाला.

पोलीस तपासणीबद्दल लोक जे बोलतात ते मीही ऐकते. मी एवढंच सांगते की तिची वेगळी फी नाही, एसएमएस आला की स्वतः जा, मूळ कागद न्या, आणि फॉर्मवर ज्या दोन शेजाऱ्यांची नावं दिलीत त्यांना आधी कल्पना द्या. भावकीत बांधाचं भांडण चालू असेल तर त्या भावाचं नाव देऊ नका. हसू नका, देतात.

अवघड असतं ते गुन्ह्याचं. फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे, तुमच्यावर कोर्टात फौजदारी खटला चालू आहे का? आमचा पट्टा उसाचा. ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडवला म्हणून कितीतरी पोरांवर केसेस आहेत. पोरगं पुढे इंजिनिअर होतं, जर्मनीला निघतं आणि या प्रश्नावर बेधडक "नाही" सांगतं. त्याच्या लेखी तो गुन्हाच नसतो, ती चळवळ असते. बाप तर अभिमानानं सांगतो. पण पोलीस स्टेशनच्या नोंदीत ती केस असते, अहवाल उलटा जातो आणि वर माहिती लपवली म्हणून नोटीस येते. लपवणं हा त्याच कायद्यानं वेगळा गुन्हा आहे. वास्तविक खटला चालू असला म्हणून पासपोर्टचा दरवाजा बंद होत नाही. १९९३ च्या एका अधिसूचनेप्रमाणे, ज्या कोर्टात खटला आहे त्याच कोर्टाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. कोर्टानं मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीचा, नसेल लिहिली तर एक वर्षाचा. त्यामुळे मी हा प्रश्न बापाला बाहेर पाठवून पोराला एकट्याला विचारते. बाप समोर असला तर पोरगं एकतर शरमतं नाहीतर पुढारी होतं.

विधवा, टाकलेल्या, माहेरी परतलेल्या बायका फॉर्मच्या एका जागेवर अडखळतात. वैवाहिक स्थिती आणि जोडीदाराचं नाव. एक बाई आल्या होत्या, शिलाईकाम करणाऱ्या. मुलगा बारावीत, त्याला कुठल्याशा खेळाच्या संघातून परदेशी जायची संधी होती. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी दुसरं घर मांडून बसलेला. घटस्फोट नाही, पोटगी नाही. रेशनकार्डावर अजून त्याच्याच घरचं नाव. त्यांना दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं होतं की नवऱ्याची सही आणा नाहीतर विसरा. सही मागायला त्या गेल्याही होत्या. त्यानं काय मागितलं ते त्यांनी मला सांगितलं, मी इथे लिहीत नाही.

मी त्यांना पुढचा नियम वाचून दाखवला. २०१६ च्या त्याच बदलात हेही आलं की विभक्त किंवा घटस्फोटित माणसानं जोडीदाराचं नाव देण्याची गरज नाही, कोर्टाचा हुकूमनामाही नको. आणि मुलाच्या अर्जावर आईबापांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. दुसऱ्याची संमती मिळत नसेल तर एकट्या पालकानं करायचं वेगळं घोषणापत्र आहे, त्यात कारण लिहायचं. बाईंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, कारण मी सांगते तसं लिहा. आणि त्यांनी ते सांगितलं, न अडखळता, जणू कधीपासून पाठ करून ठेवलं होतं. मी लिहिलेल्यातलं एक वाक्य त्यांनी खोडायला लावलं. "त्रास दिला" असं मी लिहिलं होतं. "त्रासाचं नको. तो राहात नाही, खर्च देत नाही, एवढंच लिहा. ते खरं आहे आन् तेवढं पुरं."

मुलाबरोबर त्यांनी स्वतःचाही अर्ज केला. कुठे जायचंय, मी विचारलं. "कुठं न्हाई. पण एका कागदावर तरी माझं एकटीचं नाव असू दे."

दोन्ही पासपोर्ट आले. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या कोऱ्या पुस्तिका, त्यावर नावं चढलेली. पोस्टमननं सही घेऊन त्यांच्याच हातात दिले. त्या ते घेऊन थेट दुकानात आल्या, पण पेढे वगैरे काही नाही. पासपोर्ट टेबलावर ठेवला, जोडीदाराच्या नावाची जागा मोकळी आहे ते मला दाखवलं आणि विचारलं, "हे दाखवून रेशनकार्ड वेगळं निघंल का?"

नुसत्या पासपोर्टावर निघत नाही. आधी जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि तो त्या घराच्या कार्डावर अवलंबून असतो. म्हणजे पुन्हा तेच घर. पण तहसीलला अर्ज करून बघता येतो, पासपोर्ट आणि मुलासाठीच्या घोषणापत्राची प्रत जोडून. मी झेरॉक्स काढायला घेतल्या. पुरवठा विभागातले साहेब सोमवारी जागेवर सापडतात, म्हणून त्यांना सोमवारी अकराच्या आत यायला सांगितलं.